पोटातल्या यंत्राची आधी ट्रायल हवी

नाताळच्या जेवणाला मावशी बेळगावला आमच्याकडे येते आणि चार घास खाऊन हात धुते. सगळे आग्रह करतात, "अगं, एवढ्यानं काय होणार?" ती हसून कुंद्याची वाटी माझ्याकडे सरकवते. मधुमेह जुना. रात्री उलटी व्हायची आणि तिच्यात सकाळचा नाश्ता जसाच्या तसा. दोन वर्षं तिनं "गॅस आहे", "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकलं. मग कळलं, याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. जठर अन्न पुढे ढकलण्यात मंद पडतं.

निरोगी जठरात मिनिटाला साधारण ३ वेळा विजेची मंद लाट उठते. ती उठवणाऱ्या पेशींना काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचं नाव आहे. मधुमेहात या पेशी आणि जठराकडे जाणारी व्हेगस नस, दोन्ही बिघडू शकतात. तपासणी तर मजेशीरच: अंड्याचा पांढरा भाग, ब्रेड, जॅम, त्यात किंचित किरणोत्सारी पदार्थ. ४ तासांनी १० टक्क्यांहून जास्त पोटात उरलं, तर जठर मंद. रिपोर्ट आल्यावर मावशीला चक्क आनंद झाला. आता तरी कुणी नाटक म्हणणार नाही!

औषधांनी भागलं नाही तर विजेचं यंत्र. अमेरिकेत २००० साली 'एन्टेरा' या यंत्राला 'ह्युमॅनिटेरियन' नावाची सवलतीची परवानगी मिळाली. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मी या शब्दापाशी अडले. मानवतावादी यंत्र म्हणजे काय? अर्थ साधा निघाला. रुग्ण थोडे, म्हणून ते गुणकारी असल्याचा पूर्ण पुरावा मागितला जात नाही. ते सुरक्षित आहे आणि फायदा संभवतो, एवढं दाखवलं की पुरे.

पुढे २०२० साली फ्रान्समधला १७२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र सगळ्यांच्या पोटात, पण ४ महिने चालू, ४ महिने बंद, आणि कधी काय ते रुग्णाला माहीत नाही. चालू असताना उलट्या कमी झाल्या. पोट मात्र लवकर रिकामं झालं नाही, आणि एकूण जगणं सुधारल्याचंही दिसलं नाही. काही लोक यावरून यंत्र निरुपयोगी ठरवतात. मला ते पटत नाही. रोज रात्री बादली घेऊन बसणाऱ्या बाईला उलट्या कमी होणं ही छोटी गोष्ट नाही.

पण कुणाला गुण येईल हे आधी कळत नाही, ही खरी अडचण. भूल द्यायची, जठराच्या स्नायूत दोन तारा शिवायच्या, पोटाच्या कातडीखाली बॅटरी ठेवायची, आणि मग वाट बघायची. बॅटरी संपली की पुन्हा ऑपरेशन. तात्पुरती तार एन्डोस्कोपीनं लावून काही दिवस पाहता येतं, पण ती नाकातोंडातून बाहेर लोंबत असते.

म्हणून वायरलेस यंत्राचा पहिला उपयोग ट्रायलसाठी व्हावा असं मला वाटतं. छोटं यंत्र एन्डोस्कोपीनं जठराच्या आतल्या भिंतीला लावायचं, वीज बाहेरच्या कॉइलमधून द्यायची. पोटावर चीर नाही. संशोधन चालू आहे, पण काम सोपं नाही. वायरलेस चार्जरवर फोन जरा सरकला तरी चार्जिंग थांबतं, आणि इथे तर जठर सतत हलणारं, आत आम्ल, भिंतीला लावलेली क्लिप निसटण्याची भीती. 'वायर नाही' हा सोयीचा मुद्दा झाला, गुणाचा पुरावा नव्हे. बंद-चालूची फ्रान्ससारखी परीक्षा त्यालाही द्यावीच लागेल.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "नाही जमलं तर काढता येतं ना गं?" यंत्र बनवणाऱ्यांनी सुरुवात या प्रश्नापासून करावी. पोट किती टक्के रिकामं झालं ते नंतर मोजा.