अद्भुताआडचा प्रश्न

चित्रपटातले महाल कसे उभे राहतात, हे कर्जत-खालापूर परिसरातील वाचकांना सांगायला नको. चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी (२००८) भव्य नेपथ्य उभारले गेले होते. तथापि अद्भुतरम्य प्रेमकथेचे बळ नेपथ्यात नसते, असे माझे मत आहे. त्यासाठी अमोल पालेकर दिग्दर्शित ‘पहेली’ (२००५) हा हिंदी चित्रपट पाहावा.

तो विजयदान देथा यांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेवर आधारलेला आहे. मणी कौल यांनीही १९७३ मध्ये याच कथेवर चित्रपट केला होता. लग्न होताच नवरा व्यापारासाठी परगावी जातो. नववधूवर भाळलेले भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. मात्र तिच्यापाशी ते आपली खरी ओळख उघड करते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. येथील अद्भुत रूपांतरात नाही, तर या विचारण्यात आहे. तिच्या मनाची जागृती येथूनच सुरू होते.

आता दोन्ही शेवट ताडून पाहा. देथांच्या कथेत भूत कोंडले जाते आणि स्त्रीला परतलेल्या नवऱ्याबरोबर राहावे लागते. पालेकर भुताला नवऱ्याच्याच देहात वसवतात. हा शेवट सुखद खरा. परंतु त्यात नवरा बदलत नाही, फक्त त्याची जागा घेतली जाते. म्हणून देथांचा शेवट मला अधिक प्रामाणिक वाटतो. माणसाने विचारायचा प्रश्न भुताला विचारावा लागला, ही बोच तो पुसून टाकत नाही. अद्भुताला पलायन म्हणण्यापूर्वी, तो प्रश्न आपल्या घरात कोण कोणाला विचारते, हे आठवून पाहावे.