दृष्टांतपाठाची संहिता आणि खानदेशातील पोथ्या

मराठीतील आद्य कथागद्याचा विचार करताना केशिराजबास यांच्या ‘दृष्टांतपाठा’चा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. श्रीचक्रधरांनी निरूपणाच्या ओघात सांगितलेल्या 114 दृष्टांतांचे हे संकलन तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. अध्यापनात मात्र तो पूर्ण झालेला, स्थिर ग्रंथ मानला जातो. छापील प्रतीतील एखादा उतारा घ्यावा, त्यातील लोकजीवन व भाषासौंदर्य सांगावे आणि पुढे जावे, अशी रीत पडली आहे. हा उतारा कोणत्या पोथीतला, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

वस्तुतः हा प्रश्न ग्रंथाच्या रचनेतूनच उद्भवतो. प्रत्येक प्रकरणात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असे तीन घटक असतात. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे. दृष्टांताचा सिद्धांताशी मेळ घालणारे दार्ष्टांतिक केशिराजांचे. हत्ती आणि आंधळे यांची कथा यात आहे. तीच बौद्धांच्या ‘उदाना’त आहे, जैन परंपरेतही आहे. म्हणजे कथा लोकांची, तिची योजना चक्रधरांची आणि तिचा उलगडा केशिराजांचा. एकाच पानावर तीन प्रकारचे शब्द नांदत असतील, तर लेखनिकांनी ते तिन्ही सारख्याच कसोशीने जपले असतील, असे गृहीत धरता येत नाही. सूत्राचा शब्द हा प्रमाणशब्द. तेथे हात आखडणे स्वाभाविक. कथेच्या तपशिलात मात्र लेखणी अधिक मोकळी झाली असण्याचा संभव आहे. हे अनुमान पोथ्यांवरूनच पडताळावे लागेल.

महानुभाव ग्रंथांचा प्रवासही सरळ नाही. माहीमभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजी फौजांच्या धाडीत नष्ट झाली आणि तो ग्रंथ स्मरणाच्या बळावर पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. पुढे आम्नायपरत्वे पाठ भिन्न झाले. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमुळे ग्रंथ बाहेरच्यांच्या हस्तक्षेपापासून बचावले, तसेच ते शतकानुशतके उर्वरित मराठी समाजाला अपरिचितही राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी हे दालन उघडले.

कथाग्रंथाच्या संहितेचे हे दैव मराठीपुरते मर्यादित नाही. पंचतंत्राची एक शाखा पहलवीतून अरबीत ‘कलीला व दिम्ना’ या नावाने गेली आणि तेथून बाराव्या शतकाच्या सुमारास हिब्रूत उतरली. रब्बी योएल यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या या हिब्रू अनुवादाचे एकच अपूर्ण हस्तलिखित पॅरिस येथे उरले. जोझेफ देरेनबूर यांनी ते 1881 मध्ये प्रसिद्ध केले. या हिब्रू ग्रंथावरून कापुआच्या जॉनने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे जवळजवळ केशिराजांच्याच काळात, लॅटिन भाषांतर केले होते. हिब्रू पोथीतील गळालेल्या भागाचा अंदाज आज या लॅटिन ग्रंथावरून बांधता येतो. जननी हरवली असता कन्येची साक्ष घ्यावी लागते. दृष्टांतपाठाच्या संपादनातही उत्तरकालीन स्थळे, लापिका, टीपा यांना केवळ सांप्रदायिक विवरण न मानता पाठाचे साक्षीदार म्हणून वाचले पाहिजे.

एकाच पोथीवर विसंबण्याचा धोका धुळ्याला सांगावा लागू नये. राजवाडे यांनी 1909 मध्ये प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी ज्या प्राचीन पोथीवर आधारली होती, ती पोथी पुढे अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही. तिच्या प्राचीनतेचा वाद चालू राहिला. तो निकालात काढण्याचे साधन मात्र नाहीसे झाले. छापील ग्रंथ पोथीचा पर्याय होऊ शकत नाही, हा त्यातील धडा आहे.

पाठभेद उजेडात आणल्याने श्रद्धा दुखावतात, असा आक्षेप घेतला जाईल. तो पोकळ नाही. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ 1978 मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर त्यातील काही पाठांवरून पंथात तीव्र विरोध झाला. परंतु यावर उपाय पाठ झाकून ठेवणे हा नव्हे. कोणता पाठ कोणत्या पोथीत व कोणत्या आम्नायात आहे हे स्पष्ट नोंदविल्यास संपादकावर मनमानीचा आरोप येत नाही आणि परंपरेवर एकच पाठ लादलाही जात नाही. ज्यांनी सात शतके पोथ्या जपल्या त्या पंथाला या कामात सहसंपादकाचे स्थान मिळाले पाहिजे; पोथी पुरविणाऱ्याचे नव्हे.

या दृष्टीने खानदेशावर विशेष जबाबदारी येते. येथे महानुभाव पंथाचा अनुयायीवर्ग मोठा आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ व समर्थ वाग्देवता मंदिर या हस्तलिखितसंग्रहाची दीर्घ परंपरा असलेल्या संस्था आहेत. जळगावला 1990 पासून विद्यापीठ आहे. प्रथम मठांत व उपदेशी घराण्यांत असलेल्या पोथ्यांची जागच्या जागी, मालकी न हलविता, सूची व्हावी. तिच्यात पत्रसंख्या, लिपी, आम्नाय, पुष्पिका आणि दृष्टांतांचा क्रम यांची नोंद असावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सकळ लिपी वाचता येईल इतके शिक्षण मिळावे. त्यानंतरच तिन्ही घटकांना वेगवेगळे निकष लावणारी चिकित्सक आवृत्ती हाती घेता येईल.

केशिराजांनी संस्कृत रचनेचा विचार केला असता, त्यामुळे साध्या म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानाला मुकतील म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना परावृत्त केले, असे ‘स्मृतिस्थळ’ सांगते. ज्यांच्यासाठी हा ग्रंथ मराठीत झाला, त्यांच्याच घरांतून त्याच्या पोथ्या पिढ्यान् पिढ्या पूजेत राहिल्या. त्यांना वाळवी लागण्यापूर्वी विद्यापीठाने त्या दारी जावे, एवढीच अपेक्षा आहे.