वंशावळ : दाखल्यापुरती की घराण्याची?

२०२३च्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील तहसील कचेऱ्यांमध्ये एक आगळे दृश्य दिसू लागले. कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि अभिलेख कक्षांतील दप्तरांवर साचलेली कित्येक दशकांची धूळ झटकली गेली. एरवी ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे, त्या मोडी वाचणाऱ्यांच्या दारी माणसे येऊ लागली. पणजोबांचे नाव काय, खापरपणजोबांचे काय, ते कोणत्या गावचे, असे प्रश्न घराघरांतून विचारले जाऊ लागले. आरक्षणाच्या प्रश्नाची चर्चा करणे हा या लेखाचा हेतू नाही. मात्र त्या धावपळीतून एक गोष्ट उघड झाली, आणि ती प्रत्येक विचारी माणसाला अस्वस्थ करणारी आहे. शेतीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या असंख्य घराण्यांना आपल्या चौथ्या पिढीचे नाव सांगता येत नव्हते.

कोकणातील अनेक घराण्यांचे छापील कुलवृत्तांत विसाव्या शतकात निघाले. सरदार-जहागीरदारांच्या कैफियती आणि करीने इतिहास संशोधकांनी प्रसिद्ध केले. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रकाशात आणली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. या कार्याचे ऋण मोठे आहे. परंतु ज्यांनी रान मोडून शिवार उभे केले, विहीर खोदली, दुष्काळात गाव सोडले आणि पुन्हा दुसरीकडे चूल मांडली, त्या सामान्य कुणबी, माळी, धनगर घराण्यांचा वृत्तांत कोणी लिहायचा? तो त्या त्या घरानेच लिहिला पाहिजे, असे माझे मत आहे. आणि हे मत मी ऐकीव गोष्टींवर नव्हे, तर स्वतःच्या घराण्याच्या शोधावरून मांडत आहे.

पाटाच्या पाण्यामागे आलेली माणसे

आमचे घराणे मूळचे पुरंदरच्या डोंगराळ भागातले. १८७६ ते ७८चा दुष्काळ दख्खनवर कोसळला, तेव्हा दुष्काळी काम म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली. १८८५च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. पाणी आले खरे, पण त्या पाण्यावर शेती करण्यास स्थानिक शेतकरी लगेच धजावला नाही. पाणीपट्टी भरायची, उसासाठी भांडवल घालायचे आणि वर्षभर पिकाची वाट पाहायची, हे कोरडवाहू बाजरी पिकवणाऱ्यास जोखमीचे वाटले तर त्यात नवल नव्हते. त्या वेळी सासवड परिसरातील बागाईतीत मुरलेले माळी कालव्याच्या काठी उतरले, खंडाने जमिनी घेऊन त्यांनी ऊस लावला, गुऱ्हाळे चालवली. पुढे त्यांतील काही गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर गेले. १९३०च्या दशकात माळशिरस तालुक्यात माळीनगर येथे त्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभारला. महाराष्ट्रातील ऊसशेतीचे हे अग्रेसर होत. सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच्या आधी बैलगाडीत संसार घालून माळरानावर उतरलेल्या या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नसतात.

आमचे खापरपणजोबा याच लोंढ्यात आले. घरात सांगितली जाणारी कथा मात्र वेगळी होती. आपण मूळच्या गावचे पाटील, एका लढाईत पूर्वजाने पराक्रम केला, म्हणून वतन मिळाले, पुढे भाऊबंदकीत ते गेले, असे आजोबा सांगत आणि आम्ही मुले डोळे विस्फारून ऐकत असू. सेवानिवृत्तीनंतर मी या कथेचा माग काढू लागलो.

कागद काय बोलतात

ज्यांना हा शोध घ्यावयाचा आहे, त्यांच्यासाठी वाट थोडक्यात सांगतो. आजच्या सातबारापासून मागे चालावयाचे. प्रत्येक सातबारावर फेरफारांचे क्रमांक असतात. खातेदार मयत झाला की वारसांची नोंद फेरफारात येते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा, तेव्हा आपल्या भागात हे फेरफार सर्वसाधारणपणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत नेऊन पोहोचवतात. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, सापडतात. प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर हाही मोठा आधार. त्यामागे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूरपासून सुरू केलेल्या पाहणीचे कागद. त्याही मागे पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराचे रुमाल, ज्यांत कोट्यवधी मोडी कागद आहेत. मराठवाड्यातील वाचकांना यासाठी निजामकाळातील कागद आणि खासरा पत्रके पाहावी लागतील.

कागदाखेरीज इतर साधनेही आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावागावांतील यात्रेकरूंची नावे, प्रसंगी त्यांच्या स्वहस्ताक्षरांत, सापडतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येऊन घराण्याची पिढीजात नावे वाचून दाखवीत आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जात. कुलदैवताचे ठिकाण मूळ गावाची दिशा सांगते. देवघरातील पूर्वजांचे टाक, शेताच्या बांधावरची समाधी, जत्रेतील मान, आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत, या साऱ्यांतून धागे जुळतात. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसते. ‘अमुक बिन तमुक’ एवढीच ओळख असते, म्हणून हे धागे फार मोलाचे.

या वाटेने जाता जाता मला दोन गोष्टी सापडल्या. पहिलीने आमच्या घराण्याचा अभिमान दुखावला. मूळ गावच्या पेशवेकालीन लावणीपत्रकात आमच्या पूर्वजाचे नाव आढळले, ते पाटलांत नव्हते, मिरासदारांतही नव्हते, ते उपऱ्यांत होते. मिरासदार म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कौलाने जमीन कसणारा. म्हणजे त्या गावातही आम्ही कुठून तरी आलेलेच होतो. लढाई, पराक्रम, वतन यांपैकी कशाचाही मागमूस कागदांत नव्हता. भावकीच्या बैठकीत मी हे सांगितले तेव्हा एक वडीलधारे चुलते रागावून म्हणाले, “असले कागद शोधून काढायची गरज काय होती? पोरांसमोर आपलाच कमीपणा!”

त्यांचे दुःख मी समजू शकतो. परंतु मला त्यात कमीपणा दिसला नाही. उजाड झालेली गावे पुन्हा वसवण्यासाठी राज्यकर्ते इस्ताव्याचे कौल देत. पहिली काही वर्षे सारा अत्यल्प, मग तो वर्षावर्षाने चढत जाई. शिवकाळात पुण्याच्या ओसाड भूमीवर सोन्याचा नांगर फिरवला गेला, ही परंपरा आपण भक्तिभावाने सांगतो. त्या सोन्याच्या नांगरामागून ज्यांनी लाकडी नांगर धरला, त्यांत असे कौलकरी आणि उपरीच मोठ्या संख्येने असणार. त्यांच्यावाचून गाव वसले नसते. काल्पनिक पाटीलकीपेक्षा पडीक जमीन लागवडीस आणणारा खरा उपरी पूर्वज मला अधिक आदरणीय वाटतो.

महात्मा फुले यांच्या घराण्याचे उदाहरण या दृष्टीने मनन करण्यासारखे आहे. त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव साताऱ्याकडचे कटगुण, आणि पणजोबा तेथे चौगुला होते, असे चरित्रकार सांगतात. ते घराणे गाव सोडून पुरंदरातील खानवडीस आले. आजोबा शेटीबा, त्यांचे राणोजी, कृष्णा आणि गोविंद हे तीन मुलगे पुण्यात पेशव्यांना फुले पुरवू लागले, आणि व्यवसायावरून फुले हे आडनाव पडले. १८२७ मध्ये गोविंदरावांच्या घरी जोतिराव जन्मले. तीन गावे, दोन आडनावे आणि चार पिढ्या! स्थलांतर हा शेतकरी घराण्याच्या इतिहासातील अपवाद नव्हे, ते त्याचे नित्याचे लक्षण आहे.

वंशावळीत नसलेली पणजी

दुसरा शोध अधिक खोलवर लागला. आमच्या घरच्या वंशावळीत पणजोबांच्या नावाखाली सरळ आजोबांचे नाव होते. फेरफार वाचताना ध्यानात आले की १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत पणजोबा वारले, तेव्हा आजोबा अवघे चार वर्षांचे होते. वारस नोंदीत लिहिले होते : अज्ञान, अ.पा.क. आई. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. १९३२ मध्ये आजोबा सज्ञान झाल्यावर ती नोंद कमी झाली. मधली चौदा वर्षे आमची जमीन एका विधवा स्त्रीने सांभाळली होती. त्या काळात उसाचे भाव पडले, सावकाराची दोन गहाणखते झाली, आणि दोन्ही तिने फेडून घेतल्याच्या नोंदी आहेत. नामोहरम होऊन ती माहेरी परतली असती, तर पुढची चार घरे उभीच राहिली नसती. एवढे करूनही घरच्या वंशावळीत तिला जागा नव्हती. कागदात ती ‘कोम’, म्हणजे अमक्याची पत्नी, म्हणून तरी उरली. घराने तेवढेही लिहून ठेवले नव्हते. तिचे नाव आम्ही आता वंशावळीत लिहिले आहे, पणजोबांच्या शेजारी, सारख्याच अक्षरांत.

आपल्या घराण्यांच्या वंशावळी केवळ पुरुषांच्या आहेत, हे कटू असले तरी सत्य आहे. लग्नानंतर मुलीचे नाव बदलले की तिचा धागा तुटतो आणि माहेरच्या वंशावळीतून ती नाहीशी होते. २००५च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आईचे नाव येते. कायद्याने जे मान्य केले, ते घराने मान्य करण्यास आणखी किती काळ लावायचा? मातृशक्तीचा गौरव व्यासपीठावरून करणाऱ्यांनी आपल्या घरच्या वंशावळीत आजी आणि पणजीचे नाव आहे का, हे आज रात्री उघडून पाहावे.

सावधानता आणि संकल्प

या कामात मोहाच्या जागा पुष्कळ आहेत. आपली वंशवेल एखाद्या राजकुळाला नेऊन भिडवण्याचा मोह पहिला. जेथे दुवा तुटतो तेथे तो तुटला आहे असेच लिहावे. कागदाची साक्ष आणि घरातली आठवण या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात. दुसरा मोह भांडणाचा. जुना फेरफार हाती आला की बांधाचा जुना वाद उकरून काढण्याची खुमखुमी येते. आमच्याकडेही ती आली होती. पण एका पूर्ण नंबराचे हिस्से पडत पडत आज एकेका घराच्या वाट्याला किती गुंठे उरले, हे वंशावळीशेजारी मांडून दाखवल्यावर सारेच गंभीर झाले. भांडण्याजोगे फारसे काही उरलेलेच नव्हते. वंशवेलीचा विस्तार आणि जमिनीचा संकोच एकाच कागदावर दिसणे हा आमच्या तरुणांसाठी कोणत्याही भाषणापेक्षा मोठा धडा ठरला. त्यातूनच चार घरांनी विहिरीचे पाणी एकत्र वापरण्याचे ठरवले आणि ते आजवर चालू आहे.

तिसरा मोह जातीच्या अहंकाराचा. वंशावळ शोधू लागले की गाव एकट्या घराण्याने चालत नव्हते, हे पदोपदी जाणवते. आमच्या औताचा फाळ लोहाराने शेवटला, मोट चांभाराने शिवली, सीमेच्या तंट्यात महाराची साक्ष प्रमाण मानली गेली. त्यांच्या घराण्यांची नावे त्याच दप्तरात आमच्या नावांशेजारी आहेत. ज्याला आपल्या पूर्वजाचा शोध घ्यायचा आहे, त्याला शेजाऱ्याच्या पूर्वजाशीही भेट घडते. समाजाच्या एकत्वाचा याहून साधा पुरावा मला माहीत नाही. गावात हे काम करावयाचे तर ते एका भावकीपुरते न ठेवता साऱ्या आळ्यांचे मिळून करावे, आणि ज्यांच्यापाशी जमीन नव्हती, म्हणून ज्यांचे फेरफार नाहीत, त्यांच्या नोंदींसाठी कोतवाल बुक आणि शाळेचे रजिस्टर आवर्जून पाहावे.

वेळ मात्र फार थोडा आहे. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. ज्यांना नात्यांचे धागे मुखोद्गत आहेत, त्या आजी-आजोबांची पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे. जुने अभिलेख संगणकावर पाहण्याची सोय अनेक ठिकाणी झाली, ही आनंदाची गोष्ट; परंतु बांधावरची ती समाधी कोणाची, हे संगणक सांगणार नाही. ते घरातील आजीच सांगेल. म्हणून दाखल्याची निकड संपली तरी शोध थांबवू नये. येत्या पितृपक्षात ज्यांच्या नावाने आपण पाणी सोडतो, त्यांची नावे तरी एका वहीत लिहून काढू. दर गावातून दोन तरुणांनी मोडी शिकावी. सुटीत घरी आलेल्या नातवंडांना आजीजवळ बसवावे, आणि तिला पहिला प्रश्न तिच्या सासरचा नव्हे, तिच्या माहेरचा विचारावा.

आमच्या चुलत्यांचा राग पुढे निवळला. वंशावळीची नवी प्रत तयार झाली तेव्हा त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, पणजीच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाले, “हिच्या हातची भाकरी मी खाल्ली आहे. माझीही एक आठवण लिहून घे.” त्या दुपारी त्यांनी जे सांगितले, ते कोणत्याही दप्तरात सापडले नसते.