टाच दुखत असेल तर हे बंदीचे दोन महिने वाया घालवू नका



16 जूनपासून 15 ऑगस्टपर्यंत मासेमारी बंद. तापी मायच्या पोटात मासळी अंडी घालते, आपली जाळी खुंटीवर राहतात. या दिवसांत आपण काय करतो? जाळी सांधतो, नावेच्या फळ्या बदलतो, डांबर लावतो. आमचं म्हणणं एवढंच, की यंदा नावेसोबत पायाचीही डागडुजी करा. विषय टाचदुखीचा आहे. काहींना हसू येईल. पण मागच्या बैठकीत दोन तास बसून उठताना किती जणांनी भिंत धरली, ते आम्ही समोरून पाहिलंय. पहिली चार पावलं लंगडत टाकायची आणि "काही नाही, शीर धरली" म्हणायचं, ही आपल्याकडची रीतच झाली आहे.

आधी आमची चूक कबूल करतो. आपले एक सभासद भाऊ, वय पन्नाशीच्या पुढे, दोन वर्षं टाचेने हैराण होते. कोणीतरी एक्स-रे काढायला लावला, "हाड वाढलंय" सांगितलं. आम्हीही समितीत बसून त्यांना म्हटलं, "इंजेक्शन घेऊन टाका, मोकळे व्हा." त्यांनी वर्षात तीन वेळा, तीन वेगळ्या ठिकाणी टाचेत इंजेक्शन घेतलं. प्रत्येक वेळी महिनाभर बरं वाटलं, प्रत्येक वेळी दुसऱ्याच दिवशी नावेवर चढले. मग एके सकाळी नावेतून काठावर उडी मारली, तळव्यात कट् झालं आणि तिथेच खाली बसले. तळपायाचा पट्टा फाटला होता. तीन महिने घरी, आणि बारावीतल्या पोराने पुस्तकं ठेवून वल्हं धरलं. ते पोर अजून परत कॉलेजात गेलेलं नाही. आमच्या त्या एका वाक्याचं ओझं मनावर आहे, म्हणून डॉक्टर आणि फिजिओथेरपीवाल्यांकडून समजून घेऊन हे लिहितोय.

तर दुखतं काय? टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. नावेच्या दोरासारखा तो तळव्याची कमान ताणून धरतो. फार वेळ उभं राहणं, कडक फळी किंवा सिमेंटवर अनवाणी वावरणं, वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, यांनी तो टाचेजवळ रोज थोडा थोडा कुरतडला जातो. डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. आयुर्वेदातही टाचेच्या दुखण्याला वातकंटक असं जुनं नाव आहे. म्हणजे हे आजचं नाही. आणि आपलं काम बघा, पहाटे अनवाणी नावेत उभं राहून जाळं ओढणं, दगडावर उडी, मग डोक्यावर ओझं. बायकांचं तर त्याहून वाईट, तासन् तास उकिडवं बसायचं आणि गिऱ्हाईक आलं की एकदम उठायचं.

ओळखायचं कसं? सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली खिळा टोचल्यासारखं होतं. थोडं चाललं की सुसह्य होतं, दिवस मावळता मावळता पुन्हा ठणकतं. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला अंगठ्याने दाबलं की नेमकी जागा सापडते. बहुतेक वेळा एवढ्यावरून आणि हाताने तपासून डॉक्टरांना निदान करता येतं. शंका असेल तर सोनोग्राफी करतात. निरोगी पट्टा साधारण 4 मिलिमीटरपेक्षा कमी जाड असतो, सुजलेला त्याहून जाड दिसतो.

आता त्या "वाढलेल्या हाडा"बद्दल. एक्स-रेत टाचेला काट्यासारखं टोक दिसतं, हे खरं. पण ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ते टोक असतं. आणि ते टोक जागेवर असतानाच बहुतेकांचं दुखणं बरं होतं. म्हणून फोटोतला काटा बघून घाबरू नका आणि तो कापून काढायच्या मागे लागू नका.

पण प्रत्येक टाचदुखी हीच असते असंही नाही. इथेच घरचा अंदाज फसतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जीव जातो, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर नस दबलेली असू शकते, नाहीतर साखरेचा त्रास. तरुण पोराच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही आखडते, तर तो सांध्यांचा वेगळा आजार असू शकतो. रात्री झोपेत ठणका, ताप, लाली, सूज, किंवा आत काटा मोडल्याचा संशय असेल तर एक दिवसही थांबू नका.

साखर असलेल्यांना हात जोडून सांगतो. आपल्याकडे गरम विटेचा शेक आणि तव्यावर तापवलेलं रुईचं पान हा ठरलेला इलाज. आपल्याच एका मावशींना शुगरमुळे पायाला चटका कळलाच नाही. टाचेला फोड आला, त्याची जखम झाली आणि ती भरायला पावसाळा गेला. जिल्हा रुग्णालयात शुगरची तपासणी होते. टाचेचं काहीही करण्याआधी ती करून घ्या.

आता इलाज. महाग मशीन आणि सुईच्या आधीची पायरी फुकट आहे, आणि बहुतेक लोक तीच सोडून देतात.

1) सकाळी खाटेवरून पाय खाली टाकायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा, तळवा ताणला गेला पाहिजे. दहा मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

2) भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पुढे झुका. पोटरी ताणली जाते.

3) ठणका कमी झाला की ताकदीचा व्यायाम. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. तीन मोजत टाच वर, दोन मोजत थांबा, तीन मोजत खाली. एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये 48 रुग्णांवर हा व्यायाम करून पाहिला. तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा ताकद लावणाऱ्यांना जास्त आराम होता. वर्षाअखेरीस मात्र दोघेही जवळपास सारखे. म्हणजे दोन्ही चालतं, हे जरा लवकर लागू पडतं.

4) बर्फ तर आपल्या धंद्यातलाच. पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा. मासळीच्या पेटीतला बर्फ नको, आणि पाय बधिर असेल तर कोणताच नको.

5) झिजलेली सपाट स्लिपर फेका. घरात आणि बाजारात मऊ एमसीआर चप्पल, नावेवर मागे पट्टा असलेली, पाणी निथळून जाणारी सँडल.

हे करूनही सहा महिन्यांत फरक नाही, तर पुढचे इलाज आहेत. शॉकवेव्ह म्हणून एक मशीन असतं. नाव ऐकून करंट देतात असं वाटतं, पण तो करंट नाही, दाबाच्या लहरींचे ठोके असतात. अमेरिकेत 2000 साली त्याला टाचदुखीसाठी मंजुरी मिळाली. साधारण आठवड्याला एक अशा तीन ते पाच बैठका देतात. लागू सगळ्यांना पडतं असं नाही, पण जुन्या दुखण्यात बऱ्याच जणांना फायदा होतो. दुसरा, स्वतःच्याच रक्तातला भाग काढून टाचेत देतात, त्याला पीआरपी म्हणतात. खर्च जास्त आहे, आणि त्याचे निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत. स्टिरॉइडचं इंजेक्शन वाईटच असं आम्ही म्हणत नाही. ठणका असह्य असेल तर डॉक्टर विचार करून देतात. पण त्याचा आराम काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतो. वारंवार घेतलं तर टाचेची गादी पातळ होते आणि पट्टा फाटायचा धोका वाढतो. ऑपरेशन अगदी शेवटी, थोड्यांनाच लागतं.

यावर काही भाऊ म्हणतील, "सचिव साहेब, पोट आधी की टाच आधी?" बरोबर आहे. रोजचं कमावून रोजचं खाणाऱ्याला डॉक्टर म्हणतो "आराम करा", तेव्हा राग येतोच. ते इंजेक्शन आपल्याला आवडतं ते त्याच्यासाठीच, दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं म्हणून. आमचा मुद्दा तिथेच आहे. वर्षात दहा महिने आराम परवडत नाही, पण हे दोन महिने कायद्यानेच नदीत उतरायचं नाही. ही बंदी आपल्याला जड जाते, पैशाची ओढाताण होते, कोणी मजुरीला जातं, कोणी केळीच्या बागेत. तरीही सकाळची पाच मिनिटं आणि ओपीडीची एक चक्कर आत्ता जेवढी जमेल तेवढी ऑगस्टनंतर जमणार नाही. दोन महिन्यांत सगळं बरं होईल असं खोटं आश्वासन देत नाही. या दुखण्याला महिने लागतात, पण बहुतेक जण वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरे होतात. सुरुवात मात्र विश्रांतीच्या दिवसांत झाली तर पाय साथ देतो.

सरकारी योजनांचंही बघा. पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराचा अपघात विमा आहे, मृत्यू झाला तर घरच्यांना 5 लाख. चांगली गोष्ट आहे, फॉर्म सगळ्यांनी भरा. आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंत इलाज होतो, पण भरती झालं तर. लंगडत लंगडत वर्षं काढणाऱ्याला दोन्हींतून काही मिळत नाही, कारण तो मेला नाही आणि भरतीही झाला नाही. ही फट सरकार भरेल तेव्हा भरेल. तोवर आपल्या समितीने भरायला पाहिजे असं आमचं मत आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. पहिली, बंदी संपायच्या आत एक दिवसाचं पायाचं शिबिर. हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपीवाले आणि शुगरची तपासणी, नुसत्या वेदनाशामक गोळ्या वाटायचं शिबिर नको. दुसरी, पट्ट्याच्या सँडल समितीमार्फत एकत्र घ्यायच्या, भाव कमी पडतो. तिसरी, बाजारात बसणाऱ्या बायकांना बसायला उंच पाटला आणि पायाखाली रबराची चटई. नाव मालकांना वेगळी विनंती, जाळं ओढणाऱ्या गड्याला मध्ये थोडं बसू द्या, आणि अनवाणी माणसाला दगडावर उडी मारायला लावू नका. नाव दोन हात अजून पुढे घेतली तर काही बिघडत नाही.

ज्यांची टाच दुखते त्यांनी बैठकीआधी समितीत नाव सांगून ठेवा. बायकांनी तर नक्की सांगा, तुम्ही सगळ्यात शेवटी सांगता. शिबिराला डॉक्टर बोलवायचा तर किती माणसं आहेत हे आम्हाला आधी कळलं पाहिजे. आणि उद्या सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी ती बोटं ओढून बघा.

आपला,
सचिव, मच्छीमार सहकारी समिती
बुऱ्हाणपूर