बोट वेगळं, माउस वेगळा

मंडळी, टचस्क्रीनशी माझं वैर नाही. फोनवर बोट फिरवायला मलाही आवडतं. पण टेबलावरच्या कॉम्प्युटरचा जबरदस्तीने फोन करू नका, एवढंच म्हणणं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि स्टार्ट बटण गायब! कॉम्प्युटर बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात न्या, पट्टी बाहेर येईल, मग सेटिंग्ज, मग पॉवर. टॅबलेटवर कडेवरून अंगठा सरकवणाऱ्याला हे सोपं. माउसवाल्याला मात्र लपाछपी. १९९५ पासून "खाली डावीकडे स्टार्ट" असं पाठ करून कॉम्प्युटर शिकलेल्या आई-बाबांनी काय करायचं?

मुद्दा साधा आहे. बोट जाडं, त्याला मोठ्ठी बटणं आणि मोकळी जागा लागते. माउसचा बाण टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर बसतो, आणि हात टेबलावर टेकलेला राहतो. उभ्या मॉनिटरला दिवसभर हात लावून बघा, संध्याकाळी खांदा बोलेल.

२०१३ मध्ये ८.१ ने बटण परत आणलं, २०१५ मध्ये विंडोज १० ने मेनू. म्हणजे होतं तिथे यायला जवळपास तीन वर्षं!

असो. नवीन शिकायला ना नाही, पण शिकल्यावर काम लवकर उरकायला हवं ना? तुम्हाला काय वाटतं?