खालच्यानेच का भरायचे?
सीमापार नद्यांचे तंटे गणिती मॉडेलने सुटतील म्हणणाऱ्यांना मी ऱ्हाइन नदी दाखवतो. फ्रान्सच्या अल्सासमधील पोटॅश खाणींनी नदीत मीठ सोडले, खाली नेदरलँड्समधली शेती पोळली. १९७६ च्या बॉन करारात खर्चाची वाटणी ठरली: नेदरलँड्स ३४ टक्के, फ्रान्स ३०, जर्मनी ३०, स्वित्झर्लंड ६. सोसणाऱ्याच्याच माथी सर्वाधिक बोजा! तरी करार लागू व्हायला १९८५ उजाडले.

मॉडेल म्हणेल, 'समतोल साधला.' कारण ते गरज आणि ताकद मोजते, अदल मोजत नाही. फिक्हचा नियम साफ आहे: कुणाचे नुकसान करू नये, झालेले दूर करावे. दोस्तांनो, मॉडेल जरूर शिका, पण त्यात पहिली अट हीच घाला. नाहीतर गणित बरोबर येईल आणि जुलूम तसाच राहील.