हरायला तरी जा!

"एकशे चाळीस कोटी लोकसंख्या आणि अकरा खेळाडू मिळत नाहीत?" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला नमस्कार. त्यानंतर म्हणणाऱ्या प्रत्येकाकडून मात्र दहा रुपये दंड घ्यावा असं माझं मत आहे. त्या पैशांतून गावोगावी एकेक बरं मैदान तरी होईल. भारताचा कुठलाही क्लब आशियाई स्पर्धेत हरला की हे वाक्य हमखास येतं. पाठोपाठ दुसरं येतं, "आपल्या पोरांत दमच नाही." मग तिसरं, "क्रिकेटने सगळं खाल्लं." झालं, तीन वाक्यांत विषय संपला, मंडळी चहा प्यायला मोकळी.

माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. आपले क्लब आशियात हरतात याची लाज वाटायचं काही कारण नाही. लाज वाटायला हवी ती याची, की आपण धड हरायलासुद्धा जात नाही. कधी जायचं नाकारतो, कधी आपल्याच मोठ्या लोकांच्या भांडणापायी दारातून परत येतो, आणि गेलोच तर सरावाशिवाय जातो. यातल्या एकाही गोष्टीचा पोरांच्या दमाशी संबंध नाही.

आधी त्या दमाचाच हिशोब करू.

२००३ साली ईस्ट बंगाल जकार्तात गेला आणि थायलंडच्या बीईसी तेरो सासनाला अंतिम सामन्यात ३-१ ने हरवून आसियान क्लब स्पर्धा जिंकून आला. २००८ साली गोव्याचा धेंपो एएफसी चषकाच्या (एएफसी म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघ) उपांत्य फेरीत पोचला. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, संघात महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स. म्हणजे अक्षरशः आपल्या शेजारची पोरं. २०१३ साली ईस्ट बंगालही तिथवर गेला. २०१६ साली बेंगळुरू एफसीने, जेमतेम तीन वर्षं वयाच्या क्लबने, गतविजेत्या मलेशियाच्या जोहोर दारुल ताझिमला कांतीरवा मैदानावर ३-१ ने लोळवलं आणि एएफसी चषकाची अंतिम फेरी गाठली. दोह्याला इराकच्या अल-कुवा अल-जाविया म्हणजे हवाईदलाच्या संघाकडून ते ०-१ ने हरले. एका गोलने.

हा दुसऱ्या दर्जाचा चषक होता असं कोणी म्हणेल, आणि ते खरं आहे. मग पहिल्या दर्जाचं बघा. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात पहिल्यांदा खेळणारा भारतीय क्लब म्हणजे एफसी गोवा, एप्रिल २०२१. समोर लॉरां ब्लांच्या हाताखालचा कतारचा अल-रय्यान, अमिरातीचा अल-वहदा आणि आदल्या स्पर्धेचा उपविजेता, इराणचा पर्सेपोलिस. सगळ्यांनी चार-पाच गोलांच्या पराभवांची तयारी ठेवली होती. गोव्याने पहिले दोन्ही सामने ०-० असे बरोबरीत सोडवले आणि पर्सेपोलिसविरुद्ध चक्क आधी गोल केला. सहा सामन्यांत तीन गुण. थोडे वाटतात? थांबा. पुढच्याच वर्षी रियाधला मुंबई सिटीने त्याच इराकी हवाईदलाच्या संघाला २-१ ने हरवलं, आणि विजयी हेडर मारला आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने. चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. मग त्याच संघाला पुन्हा १-० ने हरवून, सात गुण घेऊन मुंबई गटात दुसरी आली.

तेव्हा दम नाही ही भानगड मला सांगू नका. दोन वर्षं लागोपाठ या स्पर्धेत खेळायला मिळाल्यावर तीन गुणांचे सात झाले. जाऊन हरलो, शिकलो, परत गेलो. प्रगती याहून वेगळी कशी दिसते?

मग पुढे काय झालं?

पुढे ऑगस्ट २०२२ आला. गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानला पोचला होता. आदल्या वर्षी याच स्पर्धेत त्यांनी उझबेकांच्याच बुन्योदकोरला ३-१ ने हरवलं होतं. या पोरी ताश्कंदला असतानाच फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातली. कारण? महासंघाच्या अध्यक्षांची, प्रफुल्ल पटेलांची, मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली होती, निवडणूक काही झाली नव्हती, शेवटी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली, आणि फिफाच्या लेखी हा बाहेरच्यांचा हस्तक्षेप ठरला. गोकुलमने थेट पंतप्रधानांना साकडं घातलं. बंदी अकरा दिवसांत उठली, पण तोवर त्यांची स्पर्धा हातची गेली होती. वेळेवर निवडणूक न घेणाऱ्यांपैकी कोणाचं काय बुडालं? काही नाही. ज्यांचा या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता त्या पोरी सामान उचलून परत आल्या. याला हरणं म्हणत नाहीत. याला परीक्षेच्या हॉलबाहेर काढणं म्हणतात, तेही फी न भरणाऱ्या बापामुळे.

आता मोहन बागान. इथे दोन वर्षं एका तराजूत तोलू नयेत. २०२४ मध्ये त्यांचा सामना २ ऑक्टोबरला इराणमधल्या तब्रीझला ट्रॅक्टर क्लबशी होता. संघाने जायला नकार दिला, आणि १ ऑक्टोबरला इराणने इस्रायलवर क्षेपणास्त्रं डागली. कोण म्हणेल त्यांचं चुकलं? एएफसीने मात्र त्यांनी माघार घेतली असं धरून त्यांना स्पर्धेतूनच काढलं आणि त्याच महिन्यात अल-नस्रचा इराणी क्लबविरुद्धचा सामना गपचूप दुबईला हलवला. रोनाल्डोच्या क्लबला एक न्याय आणि कोलकात्याच्या क्लबला दुसरा. हे बोललंच पाहिजे.

पण २०२५ चं काय? पुन्हा इराण, या वेळी इस्फहानचा सेपाहान, सामना ३० सप्टेंबरला. पुन्हा नकार. परदेशी खेळाडूंच्या सरकारांच्या सूचना, विमा वगैरे कारणं. कारणं खोटी नव्हती हो. पण आदल्या वर्षी ठेच लागलेली, जूनमध्ये तिथे युद्ध होऊन गेलेलं, पश्चिम विभागात इराणी क्लब वाट्याला येऊ शकतो हे सोडतीच्या आधी शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग नाव देतानाच एएफसीकडून लेखी का घेतलं नाही, की अशा वेळी सामना तिसऱ्या देशात होईल? क्लबने नाही तर महासंघाने का नाही मागितलं? डिसेंबर २०२५ मध्ये एएफसीने दंड आणि बंदी ठोकली, तेव्हा सगळीकडे आश्चर्य. कसलं आश्चर्य?

यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आशियात क्लब जे गुण मिळवतो ते त्याच्या एकट्याचे नसतात, देशाच्या खात्यात पडतात. त्यावरून पुढे देशाला किती जागा आणि कुठल्या पायरीवर ते ठरतं. २०२४-२५ पासून एएफसीने तीन पायऱ्या केल्या: वर एलिट, मध्ये चॅम्पियन्स लीग टू, खाली चॅलेंज लीग. जो भारतीय लीगविजेता २०२१ पासून थेट वरच्या स्पर्धेच्या गटात खेळत होता, त्याला नव्या रचनेत मधल्या पायरीवर बसवलं. मोहन बागानने सामना सोडला की नुकसान गोव्याचं, मुंबईचं आणि आज जन्मालाही न आलेल्या एखाद्या क्लबचं. सोसायटीत एकाने मेंटेनन्स भरला नाही की लिफ्ट सगळ्यांचीच बंद पडते, तसं.

आता सगळ्यात मोठी गंमत. एफसी गोवा २०२५ मध्ये ओमानच्या अल-सीबला हरवून चॅम्पियन्स लीग टूच्या गटात पोचला. २२ ऑक्टोबरला मडगावला फातोर्ड्यावर अल-नस्र येणार. मग काय, महिनाभर देशात एकच चर्चा, रोनाल्डो येणार की नाही येणार. रोनाल्डो आला नाही. गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने अल-नस्रविरुद्ध गोल केला, सामना १-२ असा सुटला. दुसऱ्या दिवशी बातमी काय? रोनाल्डो आला नाही!

खरी बातमी वेगळीच होती. त्या दिवशी भारतात चालू असलेली मुख्य लीगच नव्हती. ज्या संघाने अल-नस्रशी झुंज दिली त्याला दर आठवड्याला खेळायला घरचा सामना नव्हता. इंडियन सुपर लीग जुलै २०२५ मध्ये थांबवली गेली, कारण महासंघाचा व्यावसायिक भागीदाराशी असलेला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता आणि पुढचं काहीच ठरलं नव्हतं. करार डिसेंबर २०१० चा, पंधरा वर्षांचा. म्हणजे तो कधी संपणार हे पंधरा वर्षं कागदावर लिहिलेलं होतं! आमच्या धंद्यात सर्व्हरचं लायसन्स संपायच्या दोन महिने आधी रोज मेल यायला लागतात आणि तरी कोणी झोपला तर त्याची धडगत नसते. इथे अख्ख्या देशाचा फुटबॉल पंधरा वर्षांच्या सूचनेनंतर बंद पडला. शेवटी लीग सुरू झाली फेब्रुवारी २०२६ मध्ये, तीही कापून, एकमेकांशी एकेकच सामना. तोवर गोवा गटातले सहाही सामने हरून मोकळा झाला होता.

आणि आपण म्हणतो पोरांत दम नाही.

"पण त्यांच्याकडे पैसा आहे ना!" असं म्हणणारे आहेतच. सौदीकडे आहे, कबूल. २०२३ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत आणि नवी मुंबईत मुंबई सिटीने आपले घरचे सामने खेळले, गटात अल-हिलाल होता, सहाच्या सहा सामने हरले. ठीक आहे. पण ताजिकिस्तानकडे कुठला पैसा आहे? कोटभर लोकसंख्येचा देश. त्यांच्या इस्तिकलोलने २०१७ मध्ये बेंगळुरूला रोखलं आणि २०२५ मध्ये गोव्याला हरवलं. त्याच इस्तिकलोलने एप्रिल २०२१ मध्ये अल-हिलालला ४-१ ने हरवलं होतं. हो, त्याच अल-हिलालला. इस्तिकलोलकडे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही: ते दरवर्षी जातात. मार खातात, परत जातात. आशिया त्यांच्यासाठी सण नाही, रोजचं काम आहे.

आपली लीग हा डेमो आहे. डेमोमध्ये मशीन आपलं, डेटा आपला, बटण कुठलं दाबायचं तेही आपणच ठरवणार. सगळं मस्त चालतं, टाळ्या पडतात. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानात पाचच भारतीय पुरेत असा नियम होता, बाकी सहा परदेशी. अडीच महिन्यांत खेळ खलास. झगमगाट भरपूर, प्रत्येक सामना 'थरारक'. पण माल कसा आहे हे गिऱ्हाईक स्वतः बसून वापरतो तेव्हाच कळतं. आशियाई स्पर्धा म्हणजे ते गिऱ्हाईक. आपल्या फुटबॉलचे मार्क आपण सोडून दुसरं कोणीतरी देतं अशी क्लबांसाठी ही एकच जागा आहे. म्हणूनच ती टाळण्याकडे कल असतो.

मागण्या तीनच आहेत, फार नाहीत.

महासंघाने वेळापत्रक आखताना आधी आशियाई तारखा लिहाव्यात, मग लीगच्या, मग बाकीच्या. आज उलटं होतं. सगळं भरून उरलेल्या फटीत आशिया कोंबतात.

क्लबाने जागा घ्यायची तर खेळायचं. अडचण दिसत असेल तर सोडतीच्या आधी, लेखी आणि सगळ्यांसमोर मांडायची. ऐन वेळी बसलेल्या फटक्याचं बिल देशाच्या नावावर फाडायचं नाही.

तिसरी मागणी तुमच्या-माझ्याकडे. रोनाल्डो येणार म्हणून तिकीट काढता ना? अहाल, रावशान कुलोब, अल-झवरा असली न उच्चारता येणारी नावं येतील तेव्हाही काढा. सप्टेंबर २०२५ मध्ये तुर्कमेनिस्तानच्या अहालने मोहन बागानला कोलकात्यात येऊन १-० ने हरवलं. आपली खरी बरोबरी या लोकांशी आहे. त्यांना हरवायला लागलो की अल-नस्रचं बघू.

ईस्ट बंगालचं उदाहरण देऊन थांबतो. २०२४ च्या ऑक्टोबरात हा संघ आयएसएलमध्ये सुरुवातीचे सगळे सामने हरून तळाला होता. तसाच उठून चॅलेंज लीगसाठी थिंपूला गेला. पारोशी बरोबरी, बांगलादेशच्या बसुंधरा किंग्जला ४-०, लेबनॉनच्या नेज्मेहला ३-२, गटात पहिला. पुढे उपांत्यपूर्व फेरीत तुर्कमेनिस्तानच्या अर्कादागकडून हरला, हरू दे. घरी तळाला असलेला संघ आशियात गटात पहिला येऊ शकतो, हे तिथे गेल्याशिवाय कोणाला कळलं असतं का?

म्हणून म्हणतो, जिंकायचं नंतर बघू. आधी हरायला तरी जा.

असो. दहा रुपये दंडाच्या योजनेला पहिली वर्गणी कोण देतंय? :-)